पत्र्यावरचं काळं कडवळ

सात महिने भट्टीत ठेवलेल्या माझ्या स्टीलच्या पत्र्यावर काही म्हणजे काही धड उगवलं नाही. कधी काजळी धरायची, कधी राखाडी पापुद्रा यायचा, एकदा तर गंजासारखी तांबूस भुकटी निघाली. मला पाहिजे होतं ते कार्बन नॅनोट्यूबचं उभं रान, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक नळ्या, एकीला एक खेटून, सगळ्या पत्र्याला काटकोनात उभ्या, आणि मुख्य म्हणजे थेट धातूवर, मध्ये सिलिकॉन नाही, काच नाही, गोंद नाही. आता ते जमतं, दहातल्या आठ-नऊ वेळा तरी जमतं, आणि मधल्या काळात नक्की काय काय झालं ते एकदा सगळं लिहून काढायचं कधीपासून मनात होतं कारण पेपर वाचताना फक्त जमलेली रेसिपी दिसते, न जमलेले महिने कुणी लिहीत नाही, आणि खरं शिकायला मिळतं ते तिथेच.

मी पुण्यात पीएचडी करते, मूळची मंगळवेढ्याकडची. हे सांगायचं कारण पुढे येईल.

आधी धातूच का, ते सांगते. नॅनोट्यूब जगापुढे आल्या त्या १९९१ साली, जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या कामामुळे. १९९९ मध्ये अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या लोकांनी फेरोसीन आणि झायलीन ही दोन रसायनं वापरून उभ्या नळ्या सलग वाढवून दाखवल्या, २००४ साली जपानच्या त्सुकुबामधल्या गटाने किंचित पाण्याची वाफ सोडून १० मिनिटांत अडीच मिलिमीटर उंचीचं रान वाढवलं. पण हे सगळं बहुतेक करून सिलिकॉनवर किंवा क्वार्ट्झवर, आणि त्यावर जो ऑक्साइडचा थर असतो तो वीज अडवतो. आणि आम्हाला तर वीजच न्यायची आहे. सुपरकपॅसिटर, म्हणजे झटपट वीज साठवणारं आणि सोडणारं साधन, त्याच्या इलेक्ट्रोडमध्ये आज काय करतात तर कार्बनची पूड बाइंडरमध्ये, म्हणजे एका चिकट पदार्थात, कालवून फॉइलवर लेप देतात, म्हणजे पुडीच्या कणाकणातून उड्या मारत मारत वीज फॉइलपर्यंत पोचणार आणि मधला बाइंडर तिला अडवणार. त्याऐवजी प्रत्येक नळीचं बूड थेट धातूत असेल तर प्रत्येक नळी म्हणजे स्वतःची वायर. इतकी साधी कल्पना आहे आणि मला ती पहिल्यांदा ऐकल्यापासून आवडलेली आहे. २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या रेन्सेलेअर इन्स्टिट्यूटमधल्या गटाने, त्यात आपले केरळचे पुलिकेल अजयनही होते, इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूवर थेट उभ्या नळ्या वाढवून त्याचा कपॅसिटरही करून दाखवला. सरांनी मला पहिल्या दिवशी तोच पेपर दिला आणि म्हणाले, हे आपण साध्या स्टेनलेस स्टीलवर करून बघू, इन्कोनेल महाग पडतं.

ऐकायला सोपं वाटलं. धातूवर अवघड का ते मला तेव्हा पाठ होतं पण समजलेलं नव्हतं. नळी उगवायला लोखंडाचा एक बारीक कण लागतो, वीस-तीस नॅनोमीटरचा (मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर). कार्बनची वाफ त्या कणावर येते, कणात विरघळते, कण भरला की कार्बन नळीच्या रूपाने बाहेर पडायला लागतो. म्हणजे कण हे बी. आता काचेवर किंवा ऑक्साइडवर हे बी बसून राहतं, पण ८०० अंशाला तापलेल्या उघड्या धातूवर ते बसत नाही, मुरतं. भेगाळलेल्या जमिनीवर पाणी टाकल्यावर जसं जिरून जातं तसं लोखंड खालच्या धातूत जिरून जातं, आणि त्याच्या मागोमाग कार्बनही स्टीलमध्ये मुरतो. मग वर उरते काजळी.

आमची भट्टी म्हणजे दोन झोनची ट्यूब फर्नेस, आतून क्वार्ट्झची लांब नळी आरपार गेलेली. पहिला झोन २०० अंशाला, तिथे द्रावणाची वाफ होते, दुसरा झोन ७८० ला, तिथे नळ्या उगवायच्या. द्रावण म्हणजे १०० मिली झायलीनमध्ये, म्हणजे थिनरसारख्या एका द्रवात, १ ग्रॅम फेरोसीन. फेरोसीन ही एक नारिंगी पूड असते, दोन कार्बनच्या चकत्यांमध्ये लोखंडाचा एक अणू पकडलेला, आणि तिला वास चक्क कापरासारखा येतो, कापरासारखीच तापवली की उडूनही जाते. पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा मला घरच्या देवघराची आठवण आली. (आणि कापराचाही या विषयाशी खरंच संबंध आहे. मुंबईच्या आयआयटीत महेश्वर शेरॉन यांच्या गटाने कापरापासून नॅनोट्यूब केल्या होत्या, पुढे मुकुल कुमार यांनी तेच काम जपानमध्ये योशिनोरी आंदो यांच्याबरोबर बरंच पुढे नेलं. आपल्याकडे मिळणारा, झाडापासून निघणारा कच्चा माल, त्याचं मला अजून कौतुक आहे.) तर फेरोसीन बी देतं, झायलीन कार्बन देतं, आणि हे सगळं वाहून न्यायला आर्गन, म्हणजे कशाशीच न जळणारा वायू, नऊ भाग आर्गनला एक भाग हायड्रोजन. सिरिंज पंप लावायचा, तासाला ६ मिली, अर्धा तास, बंद करायचं, आर्गनखाली थंड होऊ द्यायचं. संपली रेसिपी.

पहिला महिना तर सिरिंजच्या सुईनेच खाल्ला. सुई पहिल्या झोनमध्ये किती आत ठेवायची यावर सगळं अवलंबून असतं हे कुणी लिहिलेलं नव्हतं. टोक थंड जागी राहिलं तर झायलीन हळूहळू उडून जातं आणि फेरोसीन टोकातच नारिंगी खड्यासारखं बसून सुई चोंदते, पंप ढकलत राहतो आणि सिरिंज मागून गळायला लागते. टोक फार गरम जागी गेलं तर थेंब पडायच्या आत फुस्स करून वाफ होते, मग दम लागल्यासारखी धापा टाकत वाफ जाते, सलग जात नाही. शेवटी सुईवर मार्करने खुणा केल्या आणि एकेक सेंटीमीटर सरकवून जागा शोधली. ओ-रिंगचं, म्हणजे नळीची टोकं हवाबंद करणाऱ्या रबरी कड्यांचं पण तेच. एका ओ-रिंगला केसाएवढी चीर होती, तिच्यातून हवा आत जात होती, आणि ते कळलं कधी तर बाहेर पडणाऱ्या गॅसचे तेलातले बुडबुडे कमी झाले तेव्हा. तेव्हापासून मी रन सुरू करायच्या आधी पाच मिनिटं नुसती बुडबुडे मोजत बसते.

तांबूस भुकटीची गोष्ट घाईची. मला सहाची बस पकडायची होती, भट्टी अजून साडेचारशेच्या वर होती आणि मी नळीच्या टोकाची टोपी काढली. गरम नळ्यांना हवा लागली की त्या जळतात, त्यात लोखंडाचे कण असतील तर अजून लवकर जळतात, आणि मागे उरतं ते लोखंडाचं ऑक्साइड, म्हणजे गंज. जे काही उगवलं असेल नसेल ते सगळं माझ्यासमोर वायूच होऊन गेलं. आता १०० च्या खाली आकडा आल्याशिवाय मी टोपीला हात लावत नाही, बस गेली तर गेली.

पण हे सगळं निस्तरूनही पत्रा तसाच. मग मी रेसिपी बदलत सुटले. फेरोसीन दुप्पट, अर्धं. हायड्रोजन जास्त, कमी, बंद. ७००, ७२०, ७५०, ८००, ८५०. दर रनला सकाळी नऊ ते संध्याकाळी सात जातात, कारण तापायलाच दीड तास आणि थंड व्हायला त्याहून जास्त. वहीत साठ-पासष्ट रन झाले. प्रत्येक रनपुढे एकच शेरा, राखाडी, राखाडी, काजळी, राखाडी. आठवड्याच्या बैठकीत सर काही बोलायचे नाहीत, पण नवीन काही दाखवायला नाही म्हटल्यावर खोलीत जी शांतता होते ती मला अजून आठवते. घरी फोनवर आई विचारायची झालं का गं तुझं, आणि मी विषय बदलायची.

मग एके दिवशी आमच्या सीनियर ताई, ज्यांचं काम पूर्ण वेगळं, त्या सहज येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, तू पत्रा एकटाच ठेवतेस का? बाजूला एक क्वार्ट्झचा तुकडा ठेव की. तिकडे उगवलं आणि इकडे नाही उगवलं तर कळेल तरी दुखणं कुठंय." एवढं एकच वाक्य. मी दुसऱ्या दिवशी फुटक्या क्वार्ट्झ नळीचा नखाएवढा तुकडा पत्र्याला चिकटून ठेवला आणि त्याचं नाव पाडलं साक्षीदार. त्या दिवसापासून आजपर्यंत साक्षीदाराशिवाय माझा एकही रन नाही. जो कोणी हे काम सुरू करेल त्याला मी बाकी काही सांगितलं नाही तरी हे सांगेन.

पहिल्या साक्षीदारावर पण काही उगवलं नाही! म्हणजे दुखणं नुसतं पत्र्यात नव्हतं, आधी भट्टीत होतं. आणि याचं उत्तर माझ्या डोळ्यासमोर सहा महिने होतं ते मी बघितलंच नव्हतं. क्वार्ट्झच्या नळीत दर रनला कार्बन साचतो, म्हणून आठवड्यातून एकदा नळी दोन्ही बाजूंनी उघडी ठेवून ७५० ला हवेत भाजायची, कार्बन जळून जातो, नळी परत स्वच्छ. हे मी दर शनिवारी इमानाने करायची. त्या शनिवारी भाजायच्या आधी मी पहिल्यांदा टॉर्च घेऊन आत बघितलं. नळीच्या मधोमध, जिथे मी पत्रा ठेवायची, तिथे चकचकीत आरशासारखा राखाडी थर होता. पण त्याच्या अलीकडे, वाफ येते त्या बाजूला, साधारण वीतभर पट्ट्यात काळं मखमल होतं. मखमलच, दुसरा शब्द नाही. टॉर्चचा उजेड त्यावर पडला की परत येतच नव्हता, तिथे नळीला भोक पडलंय असं वाटत होतं. लांब काडीने हळूच खरवडलं तर पातळ काळी साल उलगडून पडली. उभ्या नळ्या. म्हणजे माझ्या भट्टीत उभं रान दर आठवड्याला उगवत होतं, माझ्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर, आणि मी दर शनिवारी ते जाळून टाकत होते.

ताबडतोब थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, घेतला आणि दोन-दोन सेंटीमीटर सरकवत पूर्ण नळीचं तापमान लिहून काढलं. डिस्प्लेवर ७८० असताना मधोमध ८२० च्या वर होतं आणि मखमल होतं त्या पट्ट्यात ७४० ते ७७०. शिवाय फेरोसीन तर मध्यापर्यंत पोचायच्या आधीच फुटून संपत असणार, मधोमध पोचत होतं ते उरलेलं झायलीन, त्याची काजळी नाही होणार तर काय. पत्रा आणि साक्षीदार दोघांना उचलून त्या पट्ट्यात ठेवलं.

त्या संध्याकाळी पत्रे ठेवायची बोट, म्हणजे होडीसारखी ताटली, बाहेर ओढली तर साक्षीदार काळाभोर, मखमली, आणि बाजूचा स्टीलचा पत्रा... राखाडी. ठिपक्या ठिपक्यांनी काळा. मला रडू आलं, पण खरं सांगते त्यात निम्मा आनंद होता, कारण आता निदान भांडण कुणाशी आहे ते कळलं होतं. रेसिपी बरोबर, जागा बरोबर, दोष पत्र्याच्या पृष्ठभागाचा.

आणि पत्र्याची तर मी किती सेवा करत होते. २२० च्या पॉलिश पेपरपासून सुरू करून ४००, ६००, ८००, १२००, मग हिऱ्याच्या पेस्टने आरसा. ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिकला, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात, दहा मिनिटं, आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, दहा मिनिटं. चेहरा दिसेल असा पत्रा. मला वाटायचं जितका स्वच्छ तितका चांगला.

तो ठिपक्यांचा पत्रा मी भिंगाखाली धरला तेव्हा एक गोष्ट दिसली. पत्र्याच्या एका कडेने, एकाच, अर्ध्या मिलिमीटरची सलग काळी मखमली किनार होती, साडीला काठ असावा तशी. बाकी तीन कडांना नाही. ती कड कुठली? वर्कशॉपच्या काकांनी ग्राइंडरने कापलेली. बाकीच्या तीन मी हाताने घासलेल्या. ग्राइंडरने कापलेल्या कडेला स्टील तापून निळं-जांभळं पडतं, मोटारसायकलच्या सायलेन्सरचं वळण जसं निळं पडतं तसं, आणि ती निळाई म्हणजे ऑक्साइडचा जाडसर थर. मी उरलेला पट्टीचा तुकडा घेऊन पळत वर्कशॉपला गेले, काकांना विचारलं ही कड तुम्ही कशी कापली, ते आधी घाबरलेच, म्हणाले काही चुकलं का बाई. मी म्हटलं नाही काका, बरोबर फक्त तुमचंच आलंय.

मग सरळ विचार केला. काठाला ऑक्साइड आहे तिथे बी मुरत नाही, वर बसून राहतं. आरशासारख्या पत्र्यावर ऑक्साइड दोन-तीन नॅनोमीटरचं, ते काय अडवणार. तर पूर्ण पत्राच आधी हवेत भाजायचा. मफल फर्नेसमध्ये, म्हणजे पेटीसारख्या साध्या भट्टीत, ८०० ला पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं असे पत्रे केले. कमी भाजलेला सोनेरी निघतो, मग जांभळा, निळा, आणि पुढे गेला की काळपट राखाडी, हात फिरवला तर किंचित खरखरीत. त्यानंतर भट्टीत हायड्रोजन मिळाला की वरच्या ऑक्साइडमधलं लोखंड परत मोकळं होऊन बारीक बारीक दाणे तयार होतात आणि खालचं क्रोमियमचं ऑक्साइड काही हायड्रोजनला दाद देत नाही, ते बांधासारखं राहतं. बी वर, बांध खाली. १२०० च्या पेपरलाही सुट्टी दिली, ६०० वर थांबले.

दहा मिनिटं भाजलेल्या पत्र्यावर पहिल्याच रनला कडेपासून कडेपर्यंत काळं आलं. शेरा लिहायला वही घेतली आणि काय लिहावं सुचेना, नुसतं "आलं" लिहिलंय.

इन्कोनेलवरही करून बघायचं होतं म्हणून मुंबईला गुलालवाडीत गेले. तिथल्या गल्ल्यांत धातूचीच दुकानं, बाहेर हातगाड्यांवर पाइप लादलेले. शेठनी विचारलं किती किलो, मी हाताचा पंजा दाखवला, एवढंच पाहिजे. त्यांनी हसून मागच्या ढिगातून एक कापलेला तुकडा काढला, धातू तपासायची गन लावून आकडे दाखवले, निकेल ७२ च्या वर, क्रोमियम १५ च्या आसपास, लोखंड आठेक टक्के, आणि पैसे वजनावर घेतले. त्या तुकड्यावर न भाजताच, नुसता पुसून ठेवला तरी पहिल्या रनला उगवलं. निकेल भरपूर असूनही त्याच्यावरचं क्रोमियमचं ऑक्साइड काम सांभाळून घेतं. २००६ च्या लोकांनी इन्कोनेल का घेतलं असेल ते त्या दिवशी हाताला कळलं. पण मला स्टीलच पाहिजे होतं, कारण चांगल्या भांड्यांना वापरतात तेच हे स्टील, ३०४ नावाचा प्रकार, ते कुठेही मिळतं, आणि त्याच्यावर जमलं तर ते कुणालाही करता येईल.

काळं आलं म्हणजे उभं आलं असं नसतं, ते एसईएममध्येच, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच कळतं, आणि एसईएमची तारीख मिळायला तीन आठवडे. पत्रा ब्लेडने एका बाजूला किंचित खरवडला, म्हणजे रानाची बाजू दिसेल, आणि स्टेज तिरकी केली. ऑपरेटर सरांनी फोकस करत करत आणलं आणि पडद्यावर आधी धूसर करडं दिसलं, मग रेषा दिसायला लागल्या, मग एकदम स्वच्छ.

कडवळ. मला दुसरं काही आठवलंच नाही. आमच्या मंगळवेढ्याकडे दाण्याची ज्वारी पातळ पेरतात आणि जनावरांच्या वैरणीचं कडवळ दाट पेरतात, इतकं दाट की ताटाला पसरायला जागाच नसते, प्रत्येक ताट शेजारच्याला टेकून सरळ वर जातं. एकटं ताट वाऱ्याने आडवं होईल, पण रानातलं होत नाही. नॅनोट्यूब उभ्या का राहतात याचं उत्तर अगदी हेच आहे. एकटी नळी वळवळत कुठेही जाते. शेजारी शेजारी असल्या की एकमेकींना धरून ठेवतात आणि मग वर जाण्याशिवाय दिशाच उरत नाही. चौरस सेंटीमीटरला शंभर कोटींच्या घरात नळ्या असतात, तरीसुद्धा त्या रानात पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त हवाच असते. माझ्या रानाची उंची भरली ६० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीइतकी, आणि एकेक नळी चाळीसेक नॅनोमीटर जाड. जवळ जाऊन बघितलं तर नळ्या काही अगदी काठीसारख्या सरळ नसतात, हलक्या नागमोडी असतात, मध्ये मध्ये गुंतलेल्याही असतात. पेपरातल्या छोट्या फोटोंवरून वाटतं त्यापेक्षा हे जास्त सजीव दिसतं. ऑपरेटर सर म्हणाले वेळ संपली, मी म्हटलं सर अजून एकच फोटो, असं चार वेळा म्हटलं.

रामनही केलं, म्हणजे लेसरच्या उजेडाने कार्बनची तपासणी, डी (दोषांचा) आणि जी (चांगल्या कार्बनचा) दोन्ही पट्टे आले, १३५० आणि १५८० ला, जी उंच. ठीक आहे, दोष आहेत पण नळ्या आहेत.

एक प्रसंग मात्र लिहिलाच पाहिजे. मे महिन्यातली गोष्ट, रन अर्ध्यात आणि लाईट गेली. भट्टी बंद, सिरिंज पंप बंद. आमचं गॅसचं सगळं साध्या रोटामीटरवर, म्हणजे विजेशिवाय चालणाऱ्या प्रवाहमापकावर आहे त्यामुळे आर्गन चालूच राहिला, नशीब. पहिलं काम हायड्रोजनची चावी बंद, कारण एक्झॉस्टचा पंखाही थांबलेला आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की त्याला नुसती ठिणगी पुरते. खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं, आर्गन तेवढा सुरू ठेवला. वीस मिनिटांनी लाईट आली. पत्रा फेकून द्यायचा विचार होता, पण म्हटलं बघू, परत तापवून उरलेली पंधरा मिनिटं द्रावण दिलं. एसईएममध्ये त्या पत्र्यावरच्या रानाच्या बाजूला मधोमध एक आडवी रेघ निघाली, खाली एक मजला आणि वर एक मजला. आणि नवीन मजला कुठला, तर खालचा. हे आधी इतरांनी मुद्दाम करून दाखवलेलं आहे, थांबून परत सुरू केलं की नवीन थर जुन्याच्या खाली उगवतो आणि जुन्याला डोक्यावर उचलून धरतो, नख वाढतं तसं बुडातून. पण वाचणं वेगळं. माझ्या पत्र्याने लाईट गेल्याची नोंद स्वतःच्या अंगावर करून ठेवली होती. तो पत्रा मी डबीत जपून ठेवलाय.

मग पाण्याची गंमत, म्हणजे तेव्हा धक्काच होता. इलेक्ट्रोड करायचा म्हणून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब सोडला तर थेंब गोल होऊन घरंगळून गेला, अळूच्या पानावरून जातो तसा. आत शिरायलाच तयार नाही. म्हणून आधी आयपीएने भिजवलं, ते लगेच शिरलं, पण तो नमुना मी तसाच टेबलावर ठेवून जेवायला गेले. परत येऊन बघते तर अख्ख्या रानाला भेगा, उन्हाळ्यात तळ्याचा गाळ सुकून त्याच्या फरश्या पडतात तशा. द्रव सुकताना नळ्यांना एकमेकींकडे ओढतो आणि उभं रान झुपक्यांमध्ये मिटून जातं, ते परत उघडत नाही. आता आयपीए सुकायच्या आत तसाच्या तसा द्रावणात बुडवते, मध्ये एक क्षणही कोरडा पडू देत नाही. असे दोन पत्रे समोरासमोर, मध्ये फिल्टर पेपर, आणि सायक्लिक व्होल्टॅमेट्रीला, म्हणजे व्होल्टेज वर-खाली करत वीज मोजायच्या चाचणीला, जवळजवळ चौकोनी आलेख आला, कपॅसिटरचा असायला पाहिजे तसा. बाइंडर शून्य. मल्टीमीटरची एक पिन पत्र्याला आणि दुसरी रानावरच्या चांदीच्या पेस्टच्या ठिपक्याला लावली तर दोन-तीन ओहम. याच्यासाठीच सगळं केलं होतं.

दिवाळीत घरी गेले तेव्हा आबांना मोबाईलवर एसईएमचा फोटो दाखवला. त्यांनी मोठा करून बराच वेळ बघितला, कडवळ म्हणून त्यांनीच ओळखलं, मी सांगायच्या आधी. मग विचारलं, "बूड धरलंय का पण? ओढलं की उपटतंय का?"

नेमका तोच प्रश्न आहे. इन्कोनेलवरचं रान सेलोटेप लावून ओढलं तर निम्मं जागेवर राहतं. स्टीलवरचं, भाजलेल्या पत्र्यावरचं, जवळजवळ सगळं टेपबरोबर निघून येतं, कारण भाजलेला थर जाड झाला की तोच मुळात स्टीलवरून सुटतो. पातळ भाजलं तर बी मुरतं, जाड भाजलं तर बूड सुटतं. सध्या पाच ते दहा मिनिटांच्या मधली एकेक मिनिटाची मालिका चाललीय, सहा, सात, आठ, नऊ, प्रत्येकी तीन पत्रे, प्रत्येकाशेजारी साक्षीदार. सातच्या पत्र्यांपैकी दोन कालच टेपला लावले, कडेचं थोडं निघालं, मधलं राहिलं. तिसरा आत्ता भट्टीत आहे, डिस्प्लेवर ३१० दिसतायत.